ट्रॅक डेचा आयोजक कसा निवडायचा? (कोइम्बतूर किंवा चेन्नई) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असतो. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, इंजिनात काहीही फेरफार केलेले नाहीत. एक्स्प्रेसवेवर किंवा ताम्हिणी घाटात गाडी पळवायची नाही हे माझं पक्कं आहे, कारण तिथे आपल्या हौसेची किंमत समोरून येणारा मोजतो. म्हणून ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायला मिळते त्या दिवशी, जायचंय. शर्यतीत उतरायचं नाही, पण ब्रेक नेमका कुठे लावायचा, वळणात कुठून शिरायचं हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं अशी फार इच्छा आहे.

कार्टिंग आपल्याकडे कोल्हापूर, मुंबईतही करता येतं, पण मला शिकायचंय ते स्वतःच्या गाडीवर. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5 किमीहून मोठं, त्यातला एक सरळ पट्टाच किलोमीटरभराचा. पहिल्या खेपेला तिथे नको वाटतं. म्हणजे माझ्यापुढे उरले दोन: कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे (2.1 किमी) आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास सर्किट (3.7 किमी).

अडचण अशी, की ट्रॅक भाड्याने घेऊन दिवस भरवणारे आयोजक वेगवेगळे आहेत आणि जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच: फोटो, ड्रोनचे व्हिडिओ, दुपारचं जेवण. एकाला फोन करून विचारलं की अँब्युलन्स दिवसभर असते का. उत्तर आलं, "सगळं असतं सर, स्लॉट संपत आलेत, आधी पैसे भरा." मग दोन पानी हमीपत्र आलं. ट्रॅकच्या कठड्याचं नुकसान झालं तर भरपाई चालकाने द्यायची, एवढं त्यात स्पष्ट होतं. रक्कम कोण ठरवणार आणि कमाल किती, यावर एक ओळ नाही. मी पैसे भरले नाहीत.

अकराशे-बाराशे किलोमीटर गाडी नेऊन तिथे गेल्यावर घोळ कळला तर परत फिरणंही जड जातं. तर पैसे भरण्याआधी, इथे बसून, आयोजक पारखायचा कसा? काय विचारावं? आणि विम्याचं कसं? माझ्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही असं छापलेलं आहे.

प्रतिसाद १

पैसे भरले नाहीत ते उत्तम केलंत. मी काही वर्षं ट्रॅकवर मार्शल (झेंडे दाखवून चालकांना इशारे देणारा) म्हणून उभा राहिलोय, त्यावरून सांगतो.

पहिला प्रश्न हा विचारा: "सकाळच्या ब्रीफिंगला (नियम समजावण्याच्या बैठकीला) कुणी उशिरा आला तर त्याला ट्रॅकवर सोडता का?" जो "नाही" म्हणतो त्याच्याशी पुढे बोला. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी आणि ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सावकाश पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागेत), निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय. ज्याने हे ऐकलेलंच नाही असा एक माणूस तुमच्यासोबत ट्रॅकवर असला तरी तुमची काळजी पुरेशी नाही.

मग ओव्हरटेकचा नियम विचारा. नवशिक्यांच्या गटात फक्त सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने हात दाखवून वाट दिल्यावरच, असाच हवा. गट गाडीच्या ताकदीवर पाडतात की चालकाच्या अनुभवावर? अनुभवावरच पाडायला हवेत. मोटारी आणि बाइक एकाच वेळी सोडणारा असेल तर फोन ठेवा. कारी लहान आहे, तेव्हा एका सत्रात किती गाड्या सोडणार हा आकडा तिथे फार मोलाचा. तो लेखी मागा. अँब्युलन्स एकच असेल आणि ती कुणाला घेऊन रुग्णालयात गेली तर ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद ठेवता का, हेही विचारा.

विम्याबद्दल: वाहन पॉलिसीत ते कलम सर्रास असतं, त्यामुळे ट्रॅकवर गाडीचं जे होईल ते आपल्या खिशातून, असं धरूनच जा. विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि नवशिक्यांना लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) लावून क्रमांक जाहीर करणारा आयोजक टाळा. घड्याळ लागलं की माणूस शिकायचं सोडून चढाओढ करतो, आणि "ही वेगाची चाचणी नव्हती" हे सांगायला तोंडही उरत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडे मोठा पाऊस तेव्हाच असतो. पावसाने दिवस रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख, हे आधी ठरवून घ्या.

गाडीचं म्हणाल तर जाण्याआधी ब्रेक ऑइल नवं भरा, डॉट 4 दर्जाचं. जुन्या ऑइलमध्ये हवेतला ओलावा शिरलेला असतो, ते लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. प्रत्येक सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न वापरता, सावकाश. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका; तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, ती 'पी'मध्ये (पार्क) ठेवून चाकाला अडण लावा, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवणं वाईट. पोलोचे चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने तपासा. चांगल्या आयोजकाकडे सकाळी गाडीची तपासणी होते. ती कोण करतं आणि गाडी नापास झाली तर काय, हे विचारलं की माणूस किती पाण्यात आहे ते कळतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज आणखी दोन आयोजकांना फोन केले. एकाने ब्रीफिंगच्या प्रश्नाला एका दमात "नाही सोडत" सांगितलं, सत्रातल्या गाड्यांचा आकडा ईमेलने पाठवला आणि भरपाईची कमाल रक्कमही लिहून दिली. त्याची फी जास्त आहे, पण बहुधा त्याच्याकडेच जाईन, कारीला, फेब्रुवारीत.

आता एकच राहिलं. धाकटा भाऊही येणार म्हणतोय आणि गाडी एकच. आयोजक दोन चालकांना परवानगी देतो, वेगळी फी घेऊन. पण आम्ही आलटून पालटून चालवली तर ब्रेक आणि टर्बोला थंड व्हायला वेळ मिळेल का? दोन सत्रांत किमान किती अंतर ठेवावं? कुणी एका गाडीत दोघांनी केलं असेल तर कृपया सांगा.