शब्दचर्चा : विमानाचं ‘पतन’ होतं का?

शहापूरहून (बेळगाव) : वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी एक बातमी मराठीत आणायची होती. छोटं खासगी विमान, रात्रीची वेळ, उतरताना टेकडीवर अपघात. कन्नड पेपरचा मथळा ‘विमान पतन’. आमच्या पोरानं सरळ ‘विमानाचे पतन’ लिहून टाकलं. मी म्हटलं, पतन सरकारचं होतं, नाहीतर माणसाचं. तो म्हणतो, “संस्कृतच आहे की काका, चालतंय.” खरंच चालतंय का? आणि आत ‘इन्स्ट्रुमेंट अप्रोच’ आहे, त्याचं मोबाइलनं ‘वाद्य दृष्टिकोन’ केलंय. ते तरी सोडवा.

निपाणीहून : चालत नाही. कन्नडात पतन म्हणजे नुसतं पडणं, मराठीत त्याला पापाचा वास येतो. पतित, पतितपावन हे त्याचेच भाऊबंद. आणखी एक गंमत बघा. विमानतळांच्या हिंदी पाट्यांवर ‘भारतीय विमानपत्तन प्राधिकरण’ असतं. पत्तन म्हणजे बंदर, शहर. खानापूरच्या पट्टण पंचायतीतलं पट्टण तेच. म्हणजे एक ‘त’ गळला की विमानतळाचाच अपघात!

खानापूरहून : आमची आजी विमानाला ‘इमान’ म्हणायची. इमान पडलं म्हटल्यावर पतन आपोआप आलंच की.

शहापूरहून : बरं, मग ‘कोसळलं’ लिहू?

सांबऱ्याहून : थांबा अण्णा, तिथंच सगळे चुकतात. कोसळते ती भिंत, दरड, पाऊस, सरकार. आधार सुटला आणि खाली आलं, ते कोसळणं. इंजिन बंद पडून किंवा हवेत तुकडे होऊन विमान खाली आलं तर खुशाल कोसळवा. पण यंत्रांच्या आधारानं रात्री उतरताना होणाऱ्या कित्येक अपघातांत विमान धडधाकट असतं. इंजिन चालू, पंख जागेवर, वैमानिकाचा हात कांडीवर, आणि समोर अंधारात टेकडी. ते विमान आदळतं, धडकतं. ‘कोसळलं’ म्हटलं की वाचणारा विमानात बिघाड शोधत बसतो.

वाद्याचं म्हणाल तर ‘यंत्रांच्या आधारे उतरणे’ पुरे. धावपट्टीजवळून दोन रेडिओ झोत सोडलेले असतात. एक सांगतो डावीकडे सरकलास की उजवीकडे, दुसरा सांगतो वर आहेस की खाली. हा दुसरा झोत साधारण तीन अंशांचा, म्हणजे किलोमीटरमागे बावन्न-त्रेपन्न मीटर उतार. चोर्ला घाटात गाडी उताराला लागते तसं विमानही ‘उताराला लागलं’ असं मी बेधडक लिहीन. नेहमीच्या पद्धतीत जमिनीपासून ६० मीटरपर्यंत (२०० फूट) खाली यायची मुभा असते. तिथवर धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तर उतरायचा हट्ट सोडून वर जायचं. आपले पेपर त्याला ‘घिरट्या घातल्या’ म्हणतात. घिरट्या म्हणजे जागा मिळेपर्यंत वरच गोल फिरत राहणं, ते वेगळं. हे ‘परत उचललं’.

निपाणीहून : मग २०२३ च्या मे महिन्यात तुमच्याकडंच, सांबरा विमानतळाजवळ होन्निहाळच्या शेतात प्रशिक्षणाचं विमान आलं, तेव्हाही सगळे ‘कोसळलं’च म्हणत होते.

सांबऱ्याहून : म्हणत होते खरं. पण ते तातडीनं उतरवलेलं होतं, आतले दोघेही वाचले. तिथं ‘शेतात उतरवलं’ हेच बरोबर. ‘आदळलं’ हाही शब्द नको.

खानापूरहून : मला एक कळत नाही. यंत्रं समोर असताना शिकलेला माणूस टेकडीत जातोच कसा?

सांबऱ्याहून : कधी हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र चुकीच्या दाबावर लावलेलं असतं, कधी दिवे दिसतील या आशेनं माणूस ठरलेल्या उंचीच्या खाली जातो. आणि कधी चकवा लागतो. हो, आपला रानातला चकवा. यापेक्षा नेमका शब्द मला सापडला नाही. कानाच्या आत जे पाणी तोल सांगतं, ते एकसारख्या वळणात थोड्या वेळानं गप्प होतं. विमान वळतंच आहे, पण अंगाला वाटतं सरळ चाललंय. अंधारात जोर लावून परत उचलताना तर नाक फारच वर गेल्याचा भास होतो आणि वैमानिक ते खाली दाबतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचं छोटं विमान १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात गेलं. तिथं यंत्रांच्या आधारे उतरणं चाललं नव्हतं, ते डोळ्यांच्या भरवशावरच उडत होते. पण सरकारी तपासात कारण निघालं ते हेच, दिशेचं आणि तोलाचं भान सुटणं.

खानापूरहून : आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की खाली बसायचं, तंबाखू मळायची, फटफटल्याशिवाय उठायचं नाही. विमानात ती सोय कुठली!

सांबऱ्याहून : नाही ना. म्हणून अंगाला काय वाटतंय ते सोडून काटे बघायचे. शिकवताना डोळ्यांवर झापड लावून, बाहेरचं काही दिसू न देता उडवायला लावतात ते त्यासाठीच.

शहापूरहून : ठरलं. मथळा ‘रात्री उतरताना खासगी विमान टेकडीवर आदळले’. चकवा मात्र मथळ्यात घालत नाही, नाहीतर आमचे वाचक भुताची गोष्ट समजून वाचतील. आणि पोरगं आता विचारतंय, चकव्याला कन्नडात काय म्हणायचं? कित्तूरकडचं कोणी असेल तर सांगा.