करवीरमधली मुलकीपड राखायची तर विकत घ्यावी का?

माळकरी: गावालगत सव्वादोन हेक्टर माळ आहे, मधून ओढा जातो. सात-बाराला कब्जेदार 'सरकार'. प्लॉटिंगवाल्यांची नजर पडायच्या आत आमच्या नोंदणीकृत संस्थेनं ती विकत घेऊन गवताळ माळ म्हणून मोकळी ठेवायची म्हटली, तर अर्ज कुठं करायचा आणि किंमत कशी ठरते?

गटनंबर: आधी ती मुलकीपड (महसूल खात्याची पडीक सरकारी जमीन) आहे की गायरान (गावच्या गुरांना चरायला राखलेली), ते बघा. नुसत्या 'सरकार'वरून कळत नाही. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना १-ब (सरकारी जमिनींची नोंदवही) काढा, सोबत १-ई पण. अतिक्रमणं १-ई मध्ये सापडतात. गायरान निघालं तर विषय संपला. गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या जगपाल सिंग निकालानंतर १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला, त्यानं गायरान खासगी संस्थेला देणं बंद आहे.

मुलकीपड असेल तर अर्ज तहसीलदारांमार्फत कलेक्टरांकडं. महसूल अधिनियमाचं कलम ४० आणि १९७१ चे विल्हेवाट नियम लागतात, किंमतीला आधार रेडीरेकनरचा (सरकारी बाजारमूल्य दरांचा). पण हातात येते ती बहुधा भोगवटादार वर्ग २. विक्री, गहाण, वापरबदल, सगळ्याला पूर्वपरवानगी. चुकलात की शर्तभंग आणि जमीन सरकारजमा.

जांभा: मुळात विकत घेताच कशाला? कलम २२ खाली कलेक्टर मोकळी सरकारी जमीन वन, गवत-वैरण, बाग अशा कामासाठी राखून ठेवू शकतात. मग त्यांच्या मंजुरीशिवाय दुसरा वापर होत नाही, आणि संस्थेचा रुपयाही जमिनीत अडकत नाही. प्रस्तावाला सात-बारा, जुने फेरफार, गट नकाशा, ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवलेला मोजणी नकाशा) जोडा. मोजणी टाळू नका. हद्दीचे दगड नसले की शेजारचा ऊस दरसाल दोन सऱ्या आत सरकतो. ओढ्याचं क्षेत्र पोटखराबा 'ब' (ओढे, रस्ते अशी लागवडीबाहेरची जागा) मध्ये आहे का, तेही त्याच वेळी तपासा.

बरेचजण आदेशाचा कागद मिळाला की थांबतात. फेरफार धरून सात-बाराच्या 'इतर हक्कात' नोंद चढेपर्यंत पाठ सोडू नका, नाहीतर साहेब बदलले की तो कागद फायलीतच राहतो.

आणि माळ जांभ्याचा असेल तर कृपा करून वृक्षारोपणाचे खड्डे मारू नका. वीतभर मातीत झाड जगत नाही, गवत मात्र जातं. बी पडल्यावरच कापणी, उन्हाळ्याआधी कडेनं जाळरेषा, एवढं पुरतं.

माळकरी: पन्हाळा, गगनबावड्यासारखं संवर्धन राखीव होईल का?

गटनंबर: ते वन्यजीव कायद्याचं कलम ३६-अ, आणि ते फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला लागतं. संस्थेनं विकत घेतली की तो दरवाजा बंद, मग उरतं ३६-क, समुदाय राखीव. तसंही सव्वादोन हेक्टरचा सुटा तुकडा ३६-अ मध्ये बसणं अवघडच, लगत जंगल असेल तरच वन विभागाकडं विचारा. गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत येतं का? येत असेल तर झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा) आधी काढा.

माळकरी: येतं. सोमवारी १-ब आणि झोन दाखला, दोन्हीला अर्ज टाकतो.