आजोबांसाठी मेणबत्ती: ख्रिस्ती नसलेल्या सज्जनांचे तारण होते का?

वसईकर (धागाकर्ता)

माझे सासरे शिरूरकडचे वारकरी. आमच्या लग्नानंतर दर 2 नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, ते एसटीने वसईला येत, दफनभूमीच्या दाराशी चपला काढून ठेवत आणि माझ्या आईच्या थडग्यावर स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावत. ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून उपरण्याचा आडोसा धरून ते उभे राहत, आणि त्या वेळी त्यांच्या ओठांवर हरिपाठ असे. यंदा आषाढात ते गेले. या 2 नोव्हेंबरला माझ्या दहा वर्षांच्या लेकीने आजीच्या थडग्यावर दोन मेणबत्त्या लावल्या, दुसरी आजोबांची. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने हे मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी तिला समजावले की ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही त्यांना आपल्या प्रार्थनेचा काही उपयोग होत नाही. मुलगी रडतच घरी आली.

बाईंनी सांगितले ती कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे वचन तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियन यांच्याकडून आले. पण त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मंडळीतून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांचा, ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही अशांचा नव्हे. पुढे 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तेच वचन यहुदी आणि मूर्तिपूजक यांनाही लावले, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांच्या पत्रात वाचायला मिळते. जपानहून परतल्यावर, 1552 च्या जानेवारीत, त्यांनी कोचीनहून लिहिले की जपानमधले नवे ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडतात, दानधर्माने वा प्रार्थनेने त्यांना सोडवता येईल का असे विचारतात, आणि यावर काहीच उपाय नाही असे मला त्यांना सांगावे लागते. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, हे त्यांनी लपवले नाही. माझ्या मुलीचा प्रश्न हाच आहे. फरक इतकाच, की 1964 साली कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात त्याचे वेगळे उत्तर दिले: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे मनःपूर्वक देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला उमगलेली त्याची इच्छा कृपेच्या प्रेरणेने आचरतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

नगरकर

वसईकर, आपल्या मुलीचे रडणे वाचून वाईट वाटले. दहा वर्षांच्या लेकराला तसे सांगायला नको होते, हे मीही म्हणेन. पण आपण जी शिकवण मांडता ती मला पवित्र शास्त्रात सापडत नाही. आकाशाखाली ज्याने आपले तारण होईल असे दुसरे नाव दिलेले नाही, असे पेत्राने प्रेषितांची कृत्ये, चौथ्या अध्यायात म्हटले, ते कोणा अधर्मी लोकांपुढे नव्हे तर यरुशलेमेतल्या धर्मनिष्ठ वडीलधाऱ्यांपुढे. त्याच पुस्तकातल्या कर्नेल्याचे पाहा. देवभीरू, दानशूर, नित्य प्रार्थना करणारा रोमी अधिकारी. आपल्या सासऱ्यांसारखाच म्हणा. त्याचा प्रामाणिकपणा पुरेसा असता तर देवदूताने त्याला ‘ठीक चालले आहे’ असे सांगून निरोप घेतला असता. त्याने सांगितले ते हे, की यापोला माणसे पाठव आणि पेत्राला बोलावून घे.

दुसरी गोष्ट आमच्या नगरची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार तुटले, लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या, नातलगांनी पाठ फिरवली. जिथे होतो तिथेच राहून प्रामाणिकपणे तरता येत असेल तर त्या माणसाने आपला संसार कशासाठी मोडला? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पूल ओलांडायचा असतो, त्यावर कोणी बिऱ्हाड करत नाही.

वसईकर

टिळकांचे नाव आपण काढलेत म्हणून त्यांचे शेवटचे काम आठवून द्यावेसे वाटते. 1917 साली त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ उभारला त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. ज्याने बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व दिले त्यानेच ही दारे उघडी ठेवली.

कर्नेल्याच्या कथेत बदलतो कोण, हेही पाहावे. कर्नेल्य तर आधीपासून प्रार्थना करतोच आहे, आणि त्याची प्रार्थना व दानधर्म देवापुढे पोचले आहेत असे देवदूत स्पष्ट सांगतो. डोळे उघडतात ते पेत्राचे, आणि तो म्हणतो की देव पक्षपाती नाही. प्रत्येक राष्ट्रात जो त्याचे भय बाळगतो आणि न्यायाने वागतो तो त्याला मान्य आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात उजवीकडे उभे असलेले लोकही राजाला विचारतात, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांनी ओळखलेलेच नव्हते. दफनभूमीत परक्याच्या थडग्यापाशी वारा अडवून उभ्या राहणाऱ्या माणसाला मी या ओळीत पाहतो.

जुन्नरकर

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. आपल्या दोघांच्याही सद्भावनेबद्दल शंका नाही, तरी एक बोलतो. कार्ल रानर या जर्मन धर्मशास्त्रज्ञांनी आमच्यासारख्यांना ‘अनामिक ख्रिस्ती’, म्हणजे नाव न घेताही नकळत ख्रिस्ताचेच झालेले, असे म्हटल्याचे मी वाचले आहे. वसईकर, आपल्या सासऱ्यांना नाव होते, आणि त्यांच्या देवालाही होते. त्यांनी उपरणे धरले ते विठ्ठलाचे नाव घेत. त्यांच्या पुण्याईची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर करून त्यांना आत घेणे मला प्रेमाचे वाटते, आदराचे वाटत नाही. नगरकर निदान म्हणतात, तुमचा मार्ग वेगळा आहे आणि तो चुकला आहे. त्यात मला माझ्या जागी उभे राहता येते. शिवाय तारण हा प्रश्न तुम्हा ख्रिस्ती लोकांचा आहे, आमचा नव्हे. तुकोबांनी देवाकडे मुक्ती मागितलीच नाही. तुझा विसर पडू देऊ नकोस, मग गर्भवासात घातलेस तरी चालेल, असे मागितले.

आणि ज्या झेवियर यांच्या अश्रूंविषयी आपण लिहिले, त्यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मागितले होते. ते 1560 साली आले. तेही याच धाग्यात लिहिलेले असावे.

पणजीकर

जुन्नरकरांनी मांडलेला इतिहास खरा आहे, आणि आम्हा गोव्याच्या कॅथलिकांनी तो टाळू नये. मात्र वसईकरांच्या मांडणीत एक दुरुस्ती हवी. परिषदेने ‘प्रामाणिकपणा तारतो’ असे म्हटलेले नाही. तारतो तो ख्रिस्तच, आणि त्याची कृपा दृश्य मंडळीच्या बाहेरही काम करते, इतकेच म्हटले आहे. त्याच सोळाव्या परिच्छेदात पुढे अशी खंतही आहे की माणसे बहुधा सैतानाच्या फसवणुकीला बळी पडतात. ते वाक्य वगळून परिच्छेद सांगणे बरोबर नाही. चौदावा परिच्छेद तर बजावतो की ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे जाणूनही जो तिच्यात येण्यास नकार देईल त्याला तारण नाही.

धर्मशिक्षणाच्या बाईंची समजूत मात्र चुकीचीच आहे. परिषदेच्याही शंभर वर्षे आधी, 1863 साली, नवव्या पायस पोपनी निर्दोष अज्ञानाची मुभा मान्य केली होती. बोस्टनचे फादर लिओनर्ड फीनी ‘बाहेर तारण नाही’ याचा अगदी शब्दशः अर्थ धरून बसले, तेव्हा रोमने 1949 साली पत्र लिहून त्यांचा अर्थ नाकारला, आणि पुढे 1953 साली आज्ञाभंगाबद्दल त्यांनाच बहिष्कृत केले.

नगरकर

पणजीकरांचा चौदावा परिच्छेद वाचून माझा मुद्दा अधिक स्पष्ट झाला. वसईकर, आपले सासरे अजाण नव्हते. ते आपल्या लग्नाच्या मिस्साला बसले, दर वर्षी फादरांची प्रार्थना ऐकली, नातीच्या बाप्तिस्म्यालाही बहुधा आले असतील. त्यांनी ऐकले आणि विठोबा सोडला नाही. निर्दोष अज्ञानाची सवलत त्यांना कशी लागू होते? ते नरकात आहेत असे मी म्हणत नाही, कारण न्यायासनावर मी बसलेलो नाही. पण शास्त्राने न दिलेली हमी मी आपल्या मुलीला देणार नाही.

वसईकर

पणजीकर, दुरुस्ती मान्य आहे. कृपेचा शब्द मी लिहिला होता, पण त्याला हवे तेवढे वजन दिले नव्हते.

नगरकर, आपण नेमके तिथेच बोट ठेवलेत जिथे मलाही दुखते. होय, ते बाप्तिस्म्याला आले होते. पहिल्या बाकावर बसले होते. पण कानाने ऐकणे आणि मनाला पटणे यांत अंतर आहे, आणि चौदावा परिच्छेद ‘जाणूनही’ म्हणतो, ‘ऐकूनही’ म्हणत नाही. वसईत 1534 ते 1739 पोर्तुगीज सत्ता होती. शिरूरच्या माणसाच्या कानी ख्रिस्ताचे नाव आले ते त्या सत्तेच्या आठवणींसह, जुन्नरकर सांगतात त्या गोव्याच्या बातमीसह. ते नाव पटले नाही यात त्यांचा दोष किती आणि आम्हा सांगणाऱ्यांचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. त्यांच्या सदसद्विवेकाने त्यांना जे दाखवले त्याच्याशी त्यांनी बेइमानी केल्याचे मी एकदाही पाहिले नाही.

जुन्नरकर, आपला आक्षेप मला खोडता आलेला नाही. ‘अनामिक ख्रिस्ती’ हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरणार नाही. मुलीला मी इतकेच सांगितले आहे की आजोबांची मेणबत्ती पुढच्या वर्षीही लावायची, आणि धर्मशिक्षणाच्या बाईंना सोळावा परिच्छेद, त्यातल्या खंतेच्या वाक्यासह, मी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे.