मॅडोनाचे नृत्यसंगीताकडे परतणे: संपूर्ण अल्बम ऐकवावा की निवडक गाणी?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. सांगलीत आमचे एक छोटे श्रोतृमंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमून आम्ही एखादे ध्वनिमुद्रण ऐकतो आणि त्यावर मोकळेपणाने बोलतो. मंडळातील बहुतेकांचे कान नाट्यसंगीतावर आणि ख्यालगायकीवर घडलेले आहेत. पुढच्या बैठकीची जबाबदारी माझ्याकडे आली असून मी मॅडोना या अमेरिकी पॉप गायिकेचा २००५ सालचा ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोर’ हा अल्बम निवडला आहे. निमित्त असे, की आपण वॉर्नर या जुन्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे परतत असून या अल्बमचा निर्माता स्टुअर्ट प्राइस याच्यासोबतच २०२६ साठी नवा नृत्य-अल्बम करत आहोत, असे तिने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याआधीचा तिचा स्टुडिओ अल्बम २०१९ चा होता.

निवड कळवताच एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला. प्रयोग फसला की कलावंत नाचाच्या गाण्यांकडे वळतो, कारण ती हमखास खपतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही. पण वरवर पाहता घटनाक्रम त्यांच्या बाजूने बोलतो. २००३ च्या ‘अमेरिकन लाइफ’मध्ये तिने गिटार हाती घेऊन अमेरिकी समाजाविषयी कडवट गाणी गायली, इराक युद्धाच्या तोंडावर त्यातील शीर्षकगीताची चित्रफीत तिला मागे घ्यावी लागली, अल्बमचा खप आधीच्या अल्बमांच्या तुलनेत उतरला, आणि अवघ्या दोन वर्षांत हा नृत्य-अल्बम आला. या आक्षेपाचे उत्तर संगीतातूनच देता येईल का? आणि बारा गाण्यांचा, जवळजवळ ५६ मिनिटांचा हा अल्बम सलग ऐकवावा, की चार गाणी निवडून त्यांवर बोलावे? आपली मते जरूर कळवावीत.

ठेका, मिरज

कृपया सलगच ऐकवा. मी तबला वाजवतो आणि लयीच्या अंगाने हा अल्बम अनेकदा ऐकला आहे. यातील गाणी एकातून दुसरे निघावे अशी जोडलेली आहेत, मध्ये शांतता नाही. चार गाणी वेगळी काढली तर रचनेतील मुख्य गोष्टच हातून निसटते.

आपल्या श्रोत्यांना प्रथम एक अडचण जाणवेल. या संगीतात चारही मात्रांवर ढोलाचा एकसारखा ठोका पडतो; तिथे खाली-भरी, म्हणजे तालाचे हलके आणि जोरकस भाग, नाहीत आणि आपण ज्या अर्थाने समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहतो त्या अर्थाने समही नाही. ‘हंग अप’ या पहिल्या गाण्याची गती मिनिटाला सुमारे १२५ ठोक्यांची आहे. केवळ ठोक्याकडे लक्ष दिले तर पाच मिनिटांत कंटाळा येईल. म्हणून लक्ष ठोक्यावरून काढून त्याच्यावर काय चढते आणि काय उतरते याकडे न्यायला सांगावे. आरंभी घड्याळाची टिकटिक आहे. तिच्या मागून अ‍ॅबा या स्वीडिश गटाच्या १९७९ च्या गाण्यातील सुरावट येते, पण बंद दाराआड कुणी वाजवत असावे तशी, वरचे स्वर जणू गाळणीने गाळून टाकलेली. हळूहळू ती गाळणी उघडत जाते, स्वर स्वच्छ होतात आणि नेमक्या क्षणी खालून ढोल येऊन मिळतो. तीनदा वाजणारा तुकडा, म्हणजे तिहाई, समेवर येते तेव्हा मैफलीत दाद जाते; त्या तिहाईचे काम इथे हे उघडणे करते. पुढे गाण्याच्या मध्यावर सारे काढून घेऊन पुन्हा टिकटिकच उरवली आहे, आणि ढोल परत येईपर्यंत ऐकणाऱ्याचे शरीर तो मनात मोजत राहते. हे ज्याने बांधले त्याला लयीची उत्तम जाण आहे.

अल्बमच्या उत्तरार्धात प्रसिद्धी, श्रद्धा असे विषय येतात आणि ‘आयझॅक’ या गाण्यात यित्झाक सिनवानी यांचा येमेनी-हिब्रू परंपरेतील आवाज ऐकू येतो. आमच्या मिरजेत दर्ग्यातील उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणे ऐकणाऱ्यांना ती आर्तता परकी वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे. मात्र ती ठेक्यावर स्वार होऊन पोहोचते, म्हणून तिच्या आधीची गाणी वगळू नका.

अजिंक्यतारा, सातारा

मी ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. आपल्या भागात नाचाचे संगीत म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतील डॉल्बी येते आणि छातीत बसणाऱ्या दणक्यालाच ते संगीत समजतात. आपल्या ज्येष्ठांचा आक्षेप अंशतः या अनुभवातूनही आला असावा. हा अल्बम त्या पद्धतीने वाजवला तर त्यातील निम्मे काम ऐकूच येणार नाही. घरच्या खोलीत दोन चांगले स्पीकर पुरेत. वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कारण तिथे खर्जाचा आवाज फुगतो आणि गायिकेचा आवाज दबतो. मोबाईलवरून वाजवणार असाल तर गाण्यांचा क्रम बदलणारी सोय बंद ठेवा, दोन गाण्यांमध्ये खंड पडत नाही ना हे आधी तपासा, आणि सलग जोडलेली आवृत्तीच निवडल्याची खात्री करा, कारण सुट्या गाण्यांची आवृत्तीही मिळते.

यंत्राने आवाज झाकला जातो, हा मुद्दाही बैठकीत निघेलच. त्यासाठी शेर या गायिकेचे उदाहरण हाताशी ठेवावे. १९९८ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ‘बिलीव्ह’ या नृत्यगीताने ती परतली आणि ब्रिटनमध्ये ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर तेव्हा नुकतेच, १९९७ मध्ये, बाजारात आले होते. बेसूर स्वर कुणाच्या लक्षात न येता सुरात आणणे हा त्याचा हेतू. तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांनी ते घडवले. शेरच्या निर्मात्यांनी त्याची सुधारणेची गती मुद्दाम इतकी तीव्र ठेवली, की स्वर एकातून दुसऱ्यात घरंगळण्याऐवजी पायरी चढल्यासारखा उडी घेऊ लागला. इथे यंत्र लपवलेले नाही, ते वाद्य म्हणून पुढे आणलेले आहे. मॅडोनाच्या अल्बममधील नमुन्यांचेही, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेल्या तुकड्यांचेही, तसेच. अ‍ॅबाचे बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्व्हेयस अशी परवानगी क्वचितच देतात. तिने पत्र पाठवून त्यांची रीतसर संमती मिळवली.

विश्रामबागकर, सांगली

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु आक्षेपाचे सर्वांत सबळ उत्तर तिच्या चरित्रात आहे आणि ते राहून गेले. मॅडोना मुळात नर्तकी आहे. मिशिगन विद्यापीठात तिला नृत्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. ते शिक्षण अर्धवट सोडून १९७८ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, ती नाचायला. १९८२ मध्ये तेथील डान्सटीरिया या क्लबात मार्क कॅमिन्स या डीजेने तिचे ध्वनिमुद्रण वाजवले, समोरचे लोक त्यावर नाचले, आणि त्यातून तिला करार मिळाला. ज्या अंगणातून ती निघाली तिथेच ती २००५ मध्ये परतली. संगीत नाटकातील नटाने चित्रपटात अपयश आल्यावर पुन्हा रंगभूमीवर पाऊल ठेवले, तर त्याने सोपी वाट धरली असे नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आपल्या गावात कुणी म्हणणार नाही.

शिवाय खपाची खात्री होती हे म्हणणेही तपासून पाहावे. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि त्या वयाच्या स्त्रीने क्लबसाठी गावे याला पाश्चात्त्य माध्यमांत आजही नाके मुरडली जातात. बरेचसे काम प्राइसच्या लंडनमधील घरच्या स्टुडिओत झाले. पुढे २००७ मध्ये या अल्बमला नृत्यसंगीताच्या विभागातील ग्रॅमी मिळाले, पण ते नंतरचे.

मंडळींना जवळचे उदाहरण द्यायचे असेल तर ते आपल्याच मातीतले आहे. १९३३ मध्ये सांगली संस्थानात जन्मलेल्या आशा भोसले यांनी १९९५ मध्ये ‘रंगीला’साठी गायले, १९९७ मध्ये लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम केला, आणि त्यांच्या नावाने रचलेले कॉर्नरशॉप या गटाचे गाणे नव्या नृत्य-रूपात फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले आले. तेव्हा आशाताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. कुणी त्यांना सोपी वाट धरली असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ठेका, मिरज

विश्रामबागकर यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण आशाताईंचे उदाहरण इथे जपून वापरावे. त्या कधी दूर गेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचे ते परतणे नव्हे. नाट्यपद, भावगीत, गझल आणि कॅबरे हे सारे त्या एकाच काळात गात आल्या. मॅडोनाने मात्र मधल्या काळात ठेका खरोखर मागे सारला होता. तिच्या आवाजाचा पल्लाही आशाताईंइतका नाही, आणि हे बैठकीत स्पष्ट सांगावे. तिचे सामर्थ्य आवाज कुठे बसवायचा हे कळण्यात आहे: या अल्बममध्ये ती ढोलाच्या वर ओरडत नाही, त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत शब्द ठेवते. तालाला धरून गाणे आणि तालात गाणे यांतील फरक आपल्या श्रोत्यांना सांगावा लागणार नाही.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. अल्बम सलग आणि ठरलेल्या क्रमानेच ऐकवायचा, हे मी नक्की केले आहे. प्रास्ताविकात केवळ डान्सटीरियाचा संदर्भ देईन आणि ‘हंग अप’च्या आरंभी त्या उघडत जाणाऱ्या स्वरांकडे लक्ष वेधीन, बाकी काही आधी सांगणार नाही. शेरच्या आणि आशाताईंच्या गाण्यांसाठी नंतर वीस मिनिटे राखली आहेत. चर्चेत पहिल्यांदा बोलण्याची विनंती आक्षेप घेणाऱ्या सदस्यांनाच करीन, कारण ते तालाचे जाणकार आहेत आणि ५६ मिनिटे ऐकून झाल्यावर त्यांना काय वाटते हे मला खरोखर ऐकायचे आहे. अजिंक्यतारा, वूफर भिंतीपासून साधारण किती अंतरावर ठेवावा, हे सवडीने कळवावे. आमची खोली बारा बाय पंधरा फुटांची आहे.