मॅन पेज टाकायला रूट लागतंच असं नाही

"लिनक्सवर स्वतःचं मॅन पेज (मॅन कमांडनं उघडतं ते कमांडच्या माहितीचं पान) टाकायला रूट (म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क) पाहिजेच" असं एकानं म्हटलंय, ते मशीनवरच्या सगळ्यांना दिसायला हवं असेल तर बरोबर, पण आपल्यापुरतंच असेल तर नाही भावा. उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपच्या उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) मला रूट नाही (मागितलं की मालक "कशाला?" म्हणतोय), म्हणून आपल्या होम फोल्डरमधल्या डॉट लोकल फोल्डरच्या आत शेअर, त्यात मॅन, त्यात मॅन१ असे फोल्डर केले नि फाईल तिथं टाकली, डॉट लोकलमधलं बिन फोल्डर पाथमध्ये (कमांड जिथं हुडकल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) असलं की शेजारचं हे फोल्डर मॅन कमांड आपणच हुडकते. फक्त फाईलच्या नावाशेवटी डॉट १ पाहिजे, ते विसरलो नि अख्खी दुपार गेली, मागवलेली मिसळ पण गार.

टाकायच्या आधी नुसतं बघायचं तर मॅनला मायनस एल आणि फाईलचं नाव दे. अ‍ॅप्रोपॉसमध्ये (शब्दावरून मॅन पेज हुडकणारी कमांड) येत नसलं तर एकदा मॅनडीबी (त्या शोधाची यादी ताजी करणारी कमांड) चालव, तेपण रूटशिवाय चालतंय.