मदत हवी आहे : मेटलवाल्यांना जात कशी विचारायची?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय पुण्यातले हेवी मेटल संगीताचे चाहते. अकरा मुलाखती झाल्या आणि गाडं अडलं.

युवा-उपसंस्कृतीवर वाचायला घेतलं की आधी गाठ पडते ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राशी (स्थापना १९६४). त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कामगारांची पोरं कपडे, केस, संगीत यांतून प्रस्थापितांना डिवचतात. डिक हेब्डिजचं पंकवरचं १९७९ चं पुस्तक त्याच घराण्यातलं. गंमत म्हणजे मेटलचा आद्य बँड ब्लॅक सॅबथही बर्मिंगहॅमचाच. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेली. गड्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि गिटार वाजवत राहिला. पहिला अल्बम १९७०. एवढी कामगार-कथा दाराशी असून केंद्रातल्या मंडळींनी मॉड आणि स्किनहेड या तरुणांच्या टोळक्यांवर पानं भरली, मेटलकडे जवळपास बघितलंच नाही. मेटलवर सविस्तर लिहिलं डीना वाइनस्टाइन यांनी, १९९१ मध्ये. त्यातला चाहता मुख्यतः गोरा, पुरुष, कामगार घरचा.

माझ्या अकरांत आठ इंजिनिअर. बंड कशाविरुद्ध, असं विचारलं तर एकजण म्हणाला, "सबमिशनविरुद्ध."

म्हणून मी सारा थॉर्नटन यांचं 'उपसांस्कृतिक भांडवल' धरलं (१९९५), म्हणजे आपल्या गोटात कोण किती अस्सल, यावरून मिळणारा मान. ते चपखल बसतं. २००७ ला उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला जाऊन आयर्न मेडन हा बँड प्रत्यक्ष ऐकलेल्या दादाचा शब्द अजून चालतो. एफसी रोडवरून घेतलेला बँडचा टी-शर्ट घातलेल्याला हसतात. मुलगी दिसली की हमखास, "तीन गाणी सांग बघू." (मलाही विचारलं. चार सांगितली.)

हे सगळं गाइड मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "जात विचारलीस?"

नव्हती विचारली. सगळे म्हणत होते, "मेटलमध्ये असलं काही नसतं," आणि मी तेच लिहून घेतलं. पण एक मुलगा डोक्यातून जात नाही. बँडमध्ये ड्रम वाजवतो, आणि गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातो. तळहात पुढे करून त्याने घट्टे दाखवले : हा ड्रमस्टिकचा, हा ढोलाच्या टिपरूचा. पथकात त्याला आडनावाने हाक मारतात. कुठल्या पेठेतला, कुणाचा कोण, सगळ्यांना ठाऊक. बँडमध्ये तीन वर्षं नुसतं टोपणनाव. "तिथे आडनाव लागत नाही, बरं वाटतं," म्हणाला. मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न आवडत्या बँडचा विचारला. गाढवपणा!

आता त्यांच्याकडे परत जायचंय. तर जाणकारांनो :

थेट विचारू, की आडनाव, शाळेचं माध्यम, पहिली गिटार कुणाच्या पैशाने आली असं फिरून येऊ? फिरून येणं मला जरा लबाडीचं वाटतं. संमतिपत्रात जातीचा उल्लेख नव्हता, तर नवं सही करून घ्यावं लागेल ना? आणि अकराही जण एकमेकांच्या ओळखीतून मिळालेत. एकाला विचारलं की रात्रीपर्यंत ग्रुपवर सगळ्यांना कळणार. ज्यांनी मुलाखती घेताना हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा, अगदी पहिलं वाक्य काय टाकलंत?

ता.क. "विषय बदल" हा सल्ला घरून मिळालेला आहे.