रविवारची सहल: मतदान, दोरी आणि बाकीचं

ए-२०३ वहिनी: सचिवसाहेब, सहलीच्या मतदानात 'सावडाव धबधबा' आणि ओढ्यावरचा 'वरचा कोंड' (डोह) एवढेच दोन पर्याय दिसतायत. 'पाण्यात उतरायचंच नाही' हा पर्याय कुठे गेला? टाकीच्या वेळीही असंच झालं होतं.

सचिव: नमस्कार वहिनी. सहलीचं सभेत ठरलंय, इतिवृत्तात आहे. आता फक्त जागा ठरवायची आहे.

ए-२०३ वहिनी: इतिवृत्त वाचलंय कोणी?

खजिनदार: मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्यांनी वाचलंय 🙏

बी-१०१ नाना: वाद नको. एकच सांगतो. बाराच्या आत सगळे पाण्याबाहेर. ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन असतं आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर गडगडतं. खाली थेंबही पडत नाही, पण वरचं पाणी ओढ्याने खाली येतंच.

बी-३०२: नाना, पाऊस गेला. आठवडाभर कोरडं आहे.

बी-१०१ नाना: परतीचा गेलेला नाही. जुलैत लोक निदान घाबरून असतात, आता कोणी वर बघत नाही.

सी-००१ अण्णा: पाणी लाल झाला, पातेरो नि काटके वाहून येवक लागले की भायर पडूचा. चपला, डबे थयच टाका. नि ज्या बाजूक गाडी आसा त्याच बाजूक बसा, मगे पाणी वाढला तर पलीकडे अडकाक नको.

ए-२०३ वहिनी: ३० जून २०२४. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागचा धबधबा. एकाच कुटुंबातले लोक प्रवाहाच्या मधोमध उभे राहिले होते, बघता बघता पाणी वाढलं आणि पाच जण बुडाले. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय.

बी-३०२: ते पोहणारे नव्हते, वहिनी. आपल्याकडे पोहणारे आहेत. उडीचा व्हिडिओ मी काढणार 😎

डी-१०४ सर: पोहणाऱ्यांसाठीच लिहितो. धबधब्याखालच्या पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, ते पाणी अंग उचलून धरत नाही. शिवाय पडणारी धार खाली जाऊन उलटी फिरते आणि माणसाला पुन्हा धारेखालीच ओढते. चांगला पोहणाराही तिथे दमतो. कोंडाचा जो भाग हिरवा, संथ आहे आणि जिथून पाणी उथळ होत बाहेर जातं, तिथेच थांबायचं.

उडीबद्दल. स्वच्छ पाणी असतं त्यापेक्षा उथळ दिसतं. दीड मीटर वाटतं तिथे सरळ वरून बघितलं तरी साधारण दोन मीटर असतं, तिरकं बघितलं तर फसगत जास्त. लहान मुलं इथेच चुकतात. मोठ्यांचा घोळ वेगळा. गेल्या वर्षी खोल होतं म्हणून उडी मारतात, पण पावसाळ्याच्या पुराने दगड आणि ओंडके सरकलेले असतात. दर वेळी बांबूने तळ चाचपायचा. रांजणखळग्यात तर उतरायचंच नाही, तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं, वर येताना डोकं कातळाला लागतं.

बी-३०२: एवढं वाचण्यापेक्षा सोसायटीच्या टाकीत पोहलेलं बरं.

सी-३०३: टाकीत पाणी असतं तर 😂

सचिव: टाकीचा विषय टाकीच्या ग्रुपवर. धन्यवाद.

सी-३०३: टाकीचा ग्रुप तुम्हीच बंद केलात.

बी-१०१ नाना: बाराच्या आत बाहेर. कोणी वाचलं का?

खजिनदार: सामानाच्या खर्चाला मंजुरी हवी. ट्यूब चार आहेत, दोरी नायलॉनची आहे, माळ्यावर.

डी-१०४ सर: नायलॉन पाण्यात बुडतं, बुडणाऱ्याच्या हाताला लागत नाही. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते. ती घ्या, पंधरा-वीस मीटर, टोकाला रिकामा झाकणबंद कॅन बांधा. फेकणाऱ्याने दोरी स्वतःच्या कमरेला बांधायची नाही, पाय रोवून बसायचं. बुडणाऱ्याच्या मागे उडी कोणी मारायची नाही. ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हात सुटला की ती एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. मुलांच्या जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा आवळा, नाहीतर जॅकेट वर आणि मूल खाली.

ए-२०२: आंबोलीला चला की, पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, रस्त्यावरूनच धबधबा दिसतो.

सी-३०३: रविवारी आंबोलीत धबधबा कमी, गाड्याच जास्त. आपल्या पार्किंगची आठवण येईल.

ए-२०२: कोणाची गाडी आडवी असते ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०३: नाव घ्या ना मग.

ए-२०३ वहिनी: 'माकडतापाचा धोका, जंगलात जाऊ नका' (फॉरवर्ड केलेला संदेश)

सी-२०४ डॉक्टर: वहिनी, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप आहे हे खरं, पण त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे. तो गोचिडीपासून होतो. आत्ता लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) काळजी जास्त. पायाला जखम किंवा चीर असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरू नका. नंतर ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना 'ओढ्यात उतरलो होतो' हे आधी सांगा. त्यावरचं औषध, डॉक्सीसायक्लिन, मनाने घेऊ नका.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. १०८ किंवा ११२. कोंडाजवळ रेंज नसते, म्हणून शेवटची रेंज कुठे मिळते ते जातानाच बघून ठेवा आणि फोन करायला कोण पळणार ते आधी ठरवा.

बी-३०२: ब्लूटूथ स्पीकर मी आणतो.

डी-१०४ सर: नको. वरून पाणी येताना आधी आवाज बदलतो. गाण्यात तो ऐकू येत नाही, हाकही नाही.

सी-००१ अण्णा: नि साबण, शांपू नको. खालची वाडी त्याच व्हाळाचा पाणी पिता.

सचिव: सर्वांच्या सूचनांचा आदर राखून: वरचा कोंड रद्द. सावडाव, पाणी कमी असेल तरच. कलेक्टर ऑफिसचा बंदी आदेश नाही ना, ते शनिवारी पोलीस ठाण्यात विचारतो. दर दोन मुलांमागे एक मोठा माणूस, त्याने पाण्यात उतरायचं नाही आणि मोबाइल बघायचा नाही. बस सकाळी सहाला.

बी-३०२: सहाला?? आठला निघू.

बी-१०१ नाना: आठला निघालात तर पाण्यात दुपारी उतराल. बाराच्या आत बाहेर.

ए-२०३ वहिनी: ठीक आहे. आमची दोन नावं लिहा. काठावर बसणारे म्हणून.

खजिनदार: काठावर बसणाऱ्यांनाही वर्गणी पूर्ण.

ए-२०२: गाडी कोणाची आडवी असते ते अजून कोणी बोललं नाही.